भिंगरीच्या घराचं रीडिंग

११ जानेवारी

भिंगरी आज सकाळच्या गाडीने परत गेली. अठरा दिवस राहिली. तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणातही सलग एवढी राहिली नव्हती. तेव्हा तासातासाला ऑफिसचा फोन यायचा आणि ती गॅलरीत जाऊन हळू आवाजात जिन्यांविषयी आणि खिडक्यांविषयी बोलायची. या खेपेला एकदाही फोन वाजला नाही. मी म्हटलं, "तुझं ऑफिस शहाणं झालेलं दिसतंय." म्हणाली, "हो, फारच."

भिंगरी हे नाव मी ठेवलेलं. चार वर्षांची होती, एका जागी पाय ठरायचा नाही. आता चाळिशी उलटली, लोकांच्या घरांचे नकाशे काढते, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर एकटी राहते. नाव तेच राहिलं.

जाताना आपलं खेळाचं यंत्र माझ्या टीव्हीला जोडून गेली. तिच्याकडे संगणक आहे, ती त्यावर खेळणार. "आई गेल्यापासून तू बातम्या देणाऱ्याशी भांडतोस. त्यापेक्षा अवकाशात हिंड. रविवारी आपण दोघं एकदम खेळू." दोन दिवस बसून तिने मला बटणं शिकवली. चुकलो की माझ्या बोटावर टिचकी मारायची, अगदी तिची आई मारायची तशी.

ही वही मीटर रीडिंगची आहे. निवृत्त होताना साहेबांनी एक कोरी वही आठवण म्हणून दिली होती. घर, मागचं रीडिंग, चालू रीडिंग, शेरा असे चार रकाने. त्यांच्यावरून आडवं लिहितो आहे. आडवं लिहिताना उगाचच चोरी केल्यासारखं वाटतं.

१३ जानेवारी

एका ग्रहावर उतरलो. उतरलो म्हणजे खेळ सुरू झाला तेव्हा तिथेच पडलेला होतो, शेजारी मोडकं यान. आकाश जर्दाळूच्या रंगाचं. दूरवर गवतासारखं काहीतरी हलत होतं आणि वाऱ्याचा आवाज इतका खरा होता की मी उठून खोलीची खिडकी लावली.

शाळेत गुरुजी कविता शिकवायला लागले की मला असंच व्हायचं. वर्गाच्या भिंती थोड्या मागे सरकायच्या.

अर्धा तास उभा होतो. पुढे काय करायचं ते कुणी सांगेना. शेवटी भिंगरीला फोन केला.

"यात करायचं काय असतं?"

"तुला वाटेल ते."

"पण जिंकतात कसं?"

"जिंकत नाहीत बाबा. संपतच नाही हा खेळ. खाणी खण, व्यापार कर, चाच्यांशी लढ, घर बांध, नाहीतर नुसता बघत हिंड. तुझी पद्धत तू ठरवायची."

चौतीस वर्षं सकाळी हातात यादी मिळायची. कोणती गल्ली, कोणती घरं, कोणत्या क्रमाने. घरी आलो की हिची यादी असायची. आज कळलं, पद्धत ठरवणं या गोष्टीचा मला सरावच नाही. शाळेतही पाठांतराला कविता आपली आपण निवडा म्हटलं की मी घंटा होईपर्यंत उभा. सगळ्याच आवडायच्या, मग एकीचं नाव घेणं म्हणजे बाकीच्यांशी दगाफटका.

२१ जानेवारी

लढाई करून पाहिली. चाच्यांनी तीन मिनिटांत माझा चुराडा केला. पुन्हा जिवंत झालो, पुन्हा चुराडा. शेजारची शिंपीणबाई दार वाजवून विचारून गेली, "काका, बरं वाटतंय ना? ओरडलात म्हणून आले."

तिला "बरं आहे, बरं आहे" म्हटलं, तर आवाज घोगरा निघाला. आठवून पाहिलं. तीन दिवसांत पेपरवाल्याला म्हटलेलं "ठेवा" सोडून मी कुणाशी बोललोच नव्हतो.

१ फेब्रुवारी

रविवार. भिंगरीबरोबर दोन तास. कानाला ते यंत्र लावलं की तिचा आवाज थेट डोक्यात येतो, तिच्या खोलीतल्या पंख्याची घरघरसुद्धा.

एका निळसर ग्रहावर, कड्याच्या टोकाशी तिने घर बांधायला घेतलं आहे. सध्या सात खोल्या. मला तांबं आणायचं काम दिलंय. "बाबा, तू माझा पुरवठामंत्री." दोन आठवडे मी डोंगर पोखरतो आहे. यंत्र रोखलं की सुंदर तांबूस कडा भसाभसा विरघळतो आणि माझ्या थैलीत आकडा वाढतो. मागे वळून पाहिलं की डोंगराला भोक.

"बाबा, आज फक्त चाळीस? झोपला होतास का?"

"अगं, एक टेकडी होती, तिच्यावर जांभळी फुलं होती. ती कशी खणू?"

"खोटी आहेत ती फुलं."

"तांबं तरी कुठे खरं आहे?"

हसली. खूप दिवसांनी एवढी हसली. पण तांबं आणायचं माझ्या जिवावर येतं हे तिला सांगायला धजलो नाही. हे तांबं बंद केलं तर रविवारी बोलायचं तरी कशावर?

१४ फेब्रुवारी

माझी पद्धत मला सापडली! आंघोळ करता करता. सापडल्यावर इतकी साधी वाटली की ओलेत्यानेच येऊन वहीत लिहितो आहे.

मी फेरी करणार. खणणार नाही, विकणार नाही, लढणार नाही. अकरा ग्रह निवडायचे आणि आळीपाळीने त्यांच्याकडे जात राहायचं. बाकीचे खेळाडू एकदा उतरतात, नाव देतात आणि परत ढुंकून बघत नाहीत म्हणे. पण एकदा घेतलेल्या रीडिंगला काय अर्थ आहे? अर्थ असतो तो मागच्या आणि चालू आकड्याच्या फरकाला. त्यासाठी त्याच दारात पुन्हा जावं लागतं.

ग्रहांना शाळेत शिकलेल्या वृत्तांची नावं दिली. मंदाक्रांता, शिखरिणी, वसंततिलका, मालिनी, भुजंगप्रयात, आणखी सहा. मंदाक्रांतावर ढग फार सावकाश सरकतात, म्हणून ती. भुजंगप्रयातावर एक दातेरी जनावर मागे लागतं. त्याच्या शेऱ्यात लिहिलं: 'कुत्रा'. नोकरीतही त्या रकान्यात तेच लिहायचो, साहेबांना पुरेसं व्हायचं.

प्रत्येक ठिकाणी तापमान आणि वाऱ्याचा वेग टिपायचा, थोडा वेळ उभं राहायचं, एखादी कविता म्हणायची, निघायचं.

१५ फेब्रुवारी

भिंगरीला सांगितलं. आधी नावांवर हसली. "एवढ्या लांब जाऊन एका ग्रहाचं नाव पृथ्वी?"

"अगं, वृत्त आहे ते!"

"हो रे, माहीत आहे मला." मग म्हणाली, "म्हणजे तू आता माझ्याबरोबर खेळणार नाहीस."

"खेळणार की. तुझं घर बारावं. दर रविवारी फेरीचा शेवट तुझ्याकडे."

"पाहुण्यासारखा."

"पाहुणा नाही गं. पाहुणा एकदा येतो, मी दर आठवड्याला येणार."

"ठीक आहे," म्हणाली. तांबं ती स्वतः खणेल. आवाज पडला होता. चाळिशीच्या बाईला वडिलांनी तांबं आणलं नाही म्हणून वाईट वाटावं, गंमत आहे. पण मलाही दिवसभर चुटपुट लागून राहिली.

२२ फेब्रुवारी

आज तिच्या घराच्या दाराशी मला काय दिसावं? मीटर! भिंतीवर, बरोबर छातीच्या उंचीला, आकडे पुढे सरकणारा. घरात कुणी असलं की दिवे, दारं, हवा आपोआप चालू होतात. कुणी नसलं की सगळं बंद. त्याची वीज या मीटरवर मोजली जाते. मी इतका खूश झालो की भिंगरीने दोनदा हाक मारली तरी ऐकू आली नाही.

दोन तास बसलो, वीस युनिट पडले. म्हणजे तासाला दहा. चालू रीडिंग १८४०. बाराव्या घराचा रकाना आजपासून सुरू.

१ मार्च

बारावं घर. मागचं १८४०, चालू २३९०. फरक ५५०.

ती म्हणते, "रविवारी तुझ्याबरोबर, आणि एखाद्या संध्याकाळी थोडा वेळ." त्या हिशेबाने फार तर पन्नास पडायला हवेत. शेरा: मीटर तपासणे.

खोल्या आता पंधरा झाल्या आहेत. एका खोलीला तीन दारं आहेत आणि तिन्ही शेजारच्या रिकाम्या खोल्यांत उघडतात. मी विचारलं, "इथे कोण राहणार?" म्हणाली, "ते नंतर ठरवू."

८ मार्च

चालू ३०१०. फरक ६२०. मीटर नक्कीच जोरात पळतो आहे.

वसंततिलकावर आज धुळीचं वादळ होतं. काही दिसेना. वादळात उभा राहून दोन कविता म्हटल्या. घरी पाणी प्यायला उठलो तर गुडघ्याने दम दिला. तिकडे मी उड्या मारत डोंगर चढतो, इकडे स्वयंपाकघर म्हणजे मोहीम.

१५ मार्च

तिला सांगून टाकलं. "भिंगरे, तुझा मीटर पळतोय गं. लोकांचा पळत असता तर मी अर्ज लिहून दिला असता."

पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली. मग म्हणाली, "खेळ आहे बाबा. काहीतरी गडबड असेल त्यांच्या प्रोग्रॅममध्ये."

"कळवायला हवं त्यांना."

"मी कळवते. तू नको त्रास घेऊ."

जबाबदार आहे पोर.

१९ मार्च

बागेत सरासरीराव भेटला. आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वर तो कधी चढला नाही. खालूनच मागच्या महिन्यांची सरासरी काढून आकडा भरायचा, म्हणून हे नाव. त्याचे आकडे माझ्यापेक्षा कमी चुकायचे हे माझं जुनं दुःख आहे.

त्याला मीटरची गोष्ट सांगितली. कपाळाला हात लावून हसला. "अरे लेका, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आणि तू आकाशात जाऊन रीडिंग घेतोस?" मग आकडे विचारले. पुन्हा विचारले.

"मीटर पळत नसतो रे," म्हणाला. "आपल्या सगळ्या नोकरीत पळणारे मीटर किती निघाले?"

"चार."

"आणि तक्रारी?"

"हजारभर."

"मग? बाकीच्या घरांत काय निघालं? कुणीतरी दिवसा घरी राहायला लागलं होतं. कुणाचं आजारपण, कुणाची गेलेली नोकरी. तुझी लेक घरी आहे, गाढवा."

मी उठलो. त्याला म्हटलं, तू काय, न चढताच आकडा सांगतोस, तुझी सवयच आहे ती. त्याने सरकून मला पुन्हा बसायला जागा केली. एरवी बोलला असता.

२४ मार्च

मंगळवार. सकाळचे अकरा. तिची ऑफिसची वेळ. फेरीचा क्रम मोडून थेट बाराव्या घरी गेलो. सरासरीराव खोटा आहे एवढंच बघायचं होतं.

सगळ्या खोल्यांत दिवे.

खिडकीतून पाहिलं. एका रिकाम्या खोलीत भिंगरीची खेळातली बाहुली उभी होती, पिवळ्या शिरस्त्राणाची. तिने एक भिंत उभी केली. काढली. वीतभर सरकवून पुन्हा उभी केली. पुन्हा काढली. मी मोजत होतो. अकरा वेळा.

न बोलता परत आलो. आमच्या कामात ते पहिलंच शिकवलं जायचं: आकडा घ्यायचा, घरात डोकवायचं नाही, पाहिलेलं बोलायचं नाही. लोक दार उघडतात ते या भरवशावर.

२५ मार्च

काही सुचत नाही. शिखरिणीवर गेलो, कविता सुरू केली, दुसऱ्या ओळीवर थांबलो.

एक घर डोळ्यांपुढून हलत नाही. तिसरा मजला, डाव्या हाताचं दार, एक बाई आणि तिच्या दोन मुली. तिचा आकडा महिन्यामहिन्याने उतरत गेला. आकडा बघून मला कळत होतं: फ्रिज गेला. पुढच्या खेपेला इस्त्री गेली. मग पंखा. शेवटी एक दिवा राहिला असावा. ती दारात उभी राहायची, "आलात का?" म्हणायची, आणि मी "हो बाई" म्हणून आकडा लिहायचो. अक्षर सुवाच्य. एका महिन्यात दाराला कुलूप होतं. कुठे गेल्या कुणालाच माहीत नव्हतं. शेऱ्यात मी 'दार बंद' लिहिलं आणि चौथ्या मजल्यावर गेलो.

त्या वर्षी मला अचूक नोंदींचं प्रशस्तिपत्र मिळालं. हिने ते चौकट करून लावलं होतं.

२६ मार्च

आज विचारलं. सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"भिंगरे."

बाहुली गर्रकन वळली. "बाबा? तू आत्ता कसा? आज गुरुवार ना?"

"तूसुद्धा गुरुवारीच आहेस."

"रजा घेतलीय."

"सहाशे वीस युनिटांची?"

"म्हणजे?"

तासाला दहा, आठवड्याला सहाशे वीस, हे सांगितलं. सांगताना माझा आवाज अगदी नोकरीतला येत होता, तो मला बदलता येईना.

"तू दर रविवारी माझं रीडिंग घेत होतास?"

"हो."

"आणि मला वाटायचं, तू मला भेटायला येतोस."

मग तिने सांगितलं. नोव्हेंबरात काढलं. एका दुपारी बारा जणांना. तुमचं काम उत्तम आहे, फक्त आता ते आम्हाला लागणार नाही, म्हणाले. अठरा जागी अर्ज केले. तीन ठिकाणांहून उत्तर आलं, तिन्ही नकार. सकाळी उठून तयार होते, केस विंचरते, आणि संगणकापुढे बसून खोल्या बांधते. "हात थांबले तर मी पण थांबेन असं वाटतं बाबा."

"मला सांगायचं होतंस. इथे अठरा दिवस होतीस."

"सांगून काय झालं असतं? लिहून ठेवलं असतंस."

आणि ती गेली. माझ्यासमोर घरातले दिवे एकेक करून विझले, लांबच्या खोलीपासून दारापर्यंत.

२९ मार्च

आली नाही. फोन उचलत नाही. तीनदा लावला, मग एक संदेश: 'ठीक आहे मी.' मीटर गुरुवारी होता तिथेच.

५ एप्रिल

आकडा तोच. इतकी वर्षं लोकांच्या वाढत्या आकड्यांची काळजी करणं हे लोकांचं काम होतं. थांबलेला आकडा मी दिवसातून तीनदा जाऊन बघेन असं वाटलं नव्हतं.

शिंपीणबाईने विचारलं, "काका, मुलगी बरी ना?" "बरी आहे," म्हटलं. चौकशी करणारं एकच माणूस, त्याच्याशीही खोटं बोललो.

८ एप्रिल

बॅग काढली. गुडघ्याचा पट्टा, औषधं, दोन सदरे. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. बसत बसत चढेन. तिने दार नाही उघडलं तर जिन्यात बसेन. उद्या संध्याकाळच्या गाडीने.

हिच्या फोटोपुढे उभा राहून म्हटलं, तू असतीस तर पहिल्या दिवशीच ओळखलं असतंस. हिला आकडे लागत नसत. पोरीने "हो, फारच" म्हटल्याबरोबर हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहिली असती.

९ एप्रिल

गाडीला वेळ होता, म्हणून दुपारी मालिनीवर जाऊन उभा राहिलो. पाचूसारखं गवत, दोन चंद्र. डोक्यावर घरघर झाली आणि माझ्या यानाशेजारी दुसरं यान उतरलं.

"चल. दाखव तुझी फेरी."

मी गडबडीत भलतंच बटण दाबलं आणि जागच्या जागी उडी मारली. ती म्हणाली, "ऐकू येतंय ना? की कानातलं उलटं घातलंस?" उलटंच घातलं होतं.

"भिंगरे, मी लिहून ठेवलं असतं हे खरं आहे. पण आलोही असतो. बॅग भरलेली आहे."

"कुठे चाललास?"

"तुझ्याकडे. गाडी साडेसहाची."

"गुडघे?"

"ते पण येणार आहेत."

ती हसली की रडली मला नीट कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. "नको येऊस रे. म्हणजे, ये कधीतरी. आज नको. घर फार पसरलंय. आज तू इथे काय करतोस ते सांग."

"तापमान घेतो. वारा घेतो. मग उभा राहतो."

"आणि?"

"कविता म्हणतो."

"मोठ्याने? म्हण मग."

म्हटली. शाळेतली, जहाज बंदर सोडतं त्यावेळची. सातव्या ओळीवर नेहमीप्रमाणे अडखळलो आणि कानात तिने पुढची ओळ सांगितली, गुरुजींच्या चालीवर. "दुसरीपासून सातवीपर्यंत, सायकलच्या दांडीवर बसून रोज ऐकलीय. तू कायम इथेच अडकायचास."

पाच ग्रह बरोबर केले. भुजंगप्रयातावर जनावर मागे लागलं तेव्हा दोघंही किंचाळलो. सहाव्यावर ती म्हणाली, "बाबा, तिथे माझ्या घराजवळ एक सुतार आहे. लोकांच्या स्वयंपाकघरांची कपाटं करतो. त्याला मोजमाप घेऊन चित्र काढून देणारं माणूस हवंय. मी बंगल्यांचे आणि नाट्यगृहांचे नकाशे काढलेत रे."

"कपाटं उघडतात तरी रोज," मी म्हटलं. "नाट्यगृहात मी आयुष्यात चारदा गेलो."

तिने यान पुढच्या ग्रहाकडे वळवलं. मग म्हणाली, "रीडिंग घे माझं. चालेल. पण शेरा मला वाचून दाखवायचा."

बॅग भरलेलीच ठेवली आहे.

१९ एप्रिल

फरक १९०. शेरा, तिला वाचून दाखवलेला: 'घरमालकीण जागेवर. तब्येतीने बारीक वाटते. पंखा बदलणे.' म्हणाली, "आवाजावरून बारीक कशी वाटले?" मी म्हटलं, अनुभव आहे.

सुताराकडे सोमवारपासून जाते. तो तिला 'मॅडम' म्हणतो आणि टेप उलटी धरली की रागावतो.

३ मे

फरक ६०. हात लाकडाच्या भुशाने खरखरीत झालेत म्हणे. एका म्हातारीच्या कपाटाचा वरचा कप्पा तिने खाली आणला, तर म्हातारीने तिला बसवून सगळं आयुष्य सांगितलं. दोन तास मोडले. सुतार चिडला. भिंगरी भरभरून सांगत होती आणि मला मध्ये हुंकार द्यायलासुद्धा फट सापडत नव्हती.

१७ मे

फरक २०. म्हणजे फक्त आमचे दोन तास.

२४ मे

आली नाही. संदेश: 'बाबा, एका घरी माप घ्यायचंय, रविवारीच बोलावलंय. पुढच्या रविवारी नक्की.'

३१ मे

'सॉरी बाबा.' पुढे एका कपाटाचा फोटो. सुंदर आहे. दारांना मुठी नाहीत, बोटं घालायला चंद्रकोरीसारख्या खाचा आहेत.

सरासरीरावाला फोटो दाखवला. बराच वेळ पाहून म्हणाला, "पोरगी चढते रे वर. तुझ्यावर गेलीय." मग आपण होऊन माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला.

१४ जून

आज पूर्ण फेरी केली, पहिल्यापासून. मंदाक्रांतावर ढग होते तसेच. वसंततिलका शांत. अकरा घरांचे आकडे भरले. फरक कुठेच नाही, तसा तो कधीच नव्हता. या ग्रहांवर कुणी राहत नाही हे मला ठाऊक आहे.

शेवटी बारावं. मागचं आणि चालू एकच. चार आठवडे. नोकरीत असतो तर आता या घराला नोटीस लावावी लागली असती.

आनंदच आहे. ती आत्ता कुणाच्या तरी खऱ्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून कोपरा मोजत असेल, तिच्या केसांत भुसा असेल. हेच हवं होतं. वहीत लिहिलं: 'घरमालकीण बाहेर. ठीक.' लिहून वाचलं, मोठ्याने. वाचून दाखवायचं ठरलं होतं म्हणून.

मग तिच्या तेवीस खोल्यांतून हिंडलो. मी आत शिरलो की खोलीत उजेड व्हायचा, मी निघालो की मागे अंधार. पण दाराजवळच्या दिव्याला एक वेगळं बटण आहे. ते दाबून ठेवलं तर घरात कुणी नसतानाही दिवा जळत राहतो, आठवड्याला पाच-सहा युनिट पडत असतील. हे कळल्यावर मी तिथेच उभा राहिलो, बराच वेळ.

सगळ्या नोकरीत मी कुणाच्या मीटरला हात लावला नाही. लोकांनी हात जोडले, चहा पुढे केला, एकाने तर माझ्या पाया पडून विनवलं. एका आकड्याचाही फेरफार माझ्या हातून झाला नाही.

आज बटण दाबलं. पुढच्या रविवारी लिहायला काहीतरी हवं.